अंगावरचे कापड कुणाच्या हुकमाने?

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले. मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत काम करणाऱ्या माणसांनी अंगावर काय घालावे आणि काय घालू नये, याचा त्यात हुकूम होता. जीन्स नको, टी-शर्ट नको, पायात स्लीपर नको. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीकाम किंवा चित्रे असलेले कपडे नकोत. बायांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पॅन्ट-शर्ट घालावा आणि गरज असेल तर त्यावर दुपट्टा घ्यावा. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट घालावी. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सर्वांनी खादी वापरावी. कर्मचाऱ्यांचा पोशाख बरा नसेल तर त्यांच्या कामावरही त्याचा परिणाम होतो आणि जनतेच्या मनात शासनाची प्रतिमा मलिन होते, असे त्यामागचे कारण सांगितले होते.

आता या परिपत्रकात एक गोष्ट होती, तिच्याकडे तेव्हा वर्तमानपत्रांनी फारसे पाहिले नाही. सगळी चर्चा जीन्सवर झाली. परंतु अशोभनीय पोशाख करणारे म्हणून त्यात ज्यांच्याकडे खास बोट दाखवले होते, ते होते कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार. म्हणजे शासनाची प्रतिमा कुणामुळे बिघडते? तर ज्याला पेन्शन नाही, ज्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर टांगलेली आहे, ज्याचा पगार दोन-दोन महिने थकतो, त्या पोरामुळे. चिरीमिरी घेणाऱ्या साहेबाच्या कडक इस्त्रीच्या सफारीमुळे प्रतिमा बिघडत नाही. सातबाराच्या एका नोंदीसाठी म्हाताऱ्या माणसाला सहा खेटे घालायला लावल्यानेही बिघडत नाही. ती बिघडते कॉम्प्युटरवर बसलेल्या ऑपरेटरच्या जीन्समुळे!

वाचकहो, ज्याने यावलसारख्या तालुक्याच्या गावातली कचेरी पाहिली आहे, त्याला हे चांगले कळेल. तहसील, पंचायत समिती, न्यायालय, नगर परिषद, एसटीचे आगार, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय अशी कितीतरी दारे या एका गावात आहेत. या दारांतून आत येणारा माणूस कोण? केळीच्या बागेतला मजूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेला पावरा, तडवी, भिल्ल, आमच्या वस्तीतली विधवा बाई. हा माणूस समोरच्या बाबूची पॅन्ट बघत नाही. तो बाबू आपल्याला बसा म्हणतो की नाही, हे बघतो. आणि बाबू मात्र आलेल्या माणसाचे कपडे पहिल्यांदा बघतो. त्यावरून त्याला 'या भाऊसाहेब' म्हणायचे की 'ए, तिकडं थांब' म्हणायचे, हे ठरते. कपड्यांचा खरा कायदा कचेरीत हा आहे. तो कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नाही आणि तो रद्द करायला कुणी मागणी करत नाही.

पुढे मार्च २०२१ मध्ये शासनाने जीन्सची अट शिथिल केली. टी-शर्टची बंदी राहिली. वाद मिटला असे वाटले. पण ही खोड जाणारी नव्हती. १५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी तशाच सूचना काढल्या. गुरुजींनी शर्ट पॅन्टमध्ये खोचावा, बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, जीन्स, टी-शर्ट, गडद आणि नक्षीचे कपडे नकोत. डॉक्टर आपल्या नावामागे 'डॉ.' लावतात तसे शिक्षकांनी 'टीआर' लावावे, असेही त्यात होते. पाड्यावरच्या शाळेत एकाच गुरुजीने चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीची ड्युटी करायची. आणि शर्ट खोचला की शिक्षणाचा दर्जा सुधारला! या देशात मुलींना शिकवायला निघालेल्या पहिल्या शिक्षिकेच्या, सावित्रीमाईंच्या, अंगावर पुण्याच्या रस्त्यात शेण आणि चिखल फेकला जात होता. त्या दुसरे लुगडे बरोबर घेऊन शाळेत जात. त्यांच्या अंगावरच्या डागांनी शिक्षकी पेशाची शोभा गेली की वाढली, हे सूचना काढणाऱ्यांनी एकदा सांगावे.

शोभा, शिस्त, शालीनता हे शब्द ऐकायला गोड आहेत. परंतु या देशात अंगावरच्या कपड्याचा हुकूम पहिल्यांदा कुणी काढला? मनूने काढला. चांडाळाने प्रेताच्या अंगावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात खावे, दागिना घालायचा तर लोखंडाचा घालावा, असे त्याच्या दहाव्या अध्यायात आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला जुनी वस्त्रे द्यावीत, असेही त्याच अध्यायात आहे. हे नुसते पोथीत राहिले नाही. महाराष्ट्रात महारांच्या बावन्न हक्कांची बढाई सांगितली जाते. त्या 'हक्कां'तला एक हक्क मढ्यावरच्या कापडाचा होता! हक्क म्हणायचे आणि पिढ्यान्पिढ्या मेलेल्याचे कापड अंगावर घालायला लावायचे. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडे, हा येसकराचा गणवेश. वतनदारीचा तो ड्रेस कोड होता. माणूस कुठून येतो, त्याच्यापासून किती लांब उभे राहायचे, हे त्याच्या अंगावरून दिसले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू होता.

म्हणून महाडच्या त्या डिसेंबरकडे पुन्हा पाहिले पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या पोरालाही पाठ आहे. परंतु त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्याची आठवण आपण कमी काढतो. त्यांनी बायांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितले. गुडघ्याच्या वर खोचलेले लुगडे, गळ्यात आणि हातात कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे ढीग ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. आणि नुसते सांगून झाले नाही. तिथे आलेल्या लक्ष्मीबाई टिपणीसांसारख्या बायांनी आमच्या आजी-पणजींना घोट्यापर्यंत लुगडे कसे नेसायचे, ते करून दाखवले. बाया परत निघाल्या तेव्हा त्यांचे नेसणे बदललेले होते. ज्या पोथीत आमच्या अंगावर मढ्याचे कापड घातले होते, ती पोथी जाळायची आणि त्याच परिषदेत आमच्या बायांचे नेसणे बदलायचे. ही दोन कामे वेगळी नव्हतीच.

काही विद्वान म्हणतात, बाबासाहेबांनीही मग वरच्या जातीचीच नक्कल करायला सांगितली. सूटबूट ही तर साहेबांची नक्कल. या विद्वानांनी जोतीरावांकडे पाहावे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागिन्यांनी मढलेले सरदार-दरकदार जमले होते. महात्मा फुले तिथे गरीब कुणब्याच्या वेशात गेले आणि राणीच्या नातलगाला त्यांनी सुनावले की या झगमगाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खेड्यातली रयत माझ्यासारखी आहे. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, त्यांच्याकडे चांगले कपडे नव्हते असे नाही. जोतीरावांनी अंगावर फाटके घेतले आणि बाबासाहेबांनी कोट चढवला. वरवर पाहता उलट दिसते, पण दोघांनीही एकच गोष्ट केली. त्या सभेत, त्या माणसाकडून जी अपेक्षा होती ती मोडली. ज्याच्याकडून मखमलीची अपेक्षा होती तो घोंगडी घेऊन गेला आणि ज्याच्या नशिबी घोंगडी लिहिली होती तो थ्री-पीस सूट घालून गोलमेज परिषदेत बसला.

गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला. त्यांच्या त्यागाविषयी आमचे म्हणणे नाही. परंतु बॅरिस्टराचा सूट एकदा अंगावर घालून झालेल्या, जातीने वाणी असलेल्या माणसाने तो उतरवला तर तो महात्मा होतो. आमच्या बापजाद्यांनी जन्मभर पंचाच नेसला, त्यांना कुणी महात्मा म्हटले नाही. आमच्या दृष्टीने पंचा हा त्याग नव्हता, ती सक्ती होती. आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. नेहरू अध्यक्ष होते. बांबूची कमानदार नगरी उभारली, खादीचा महापूर आला. त्या खादीची आठवण शुक्रवारच्या हुकमात अजून आहे. मात्र २०२० साली खादी सांगताना, खादी भांडारातला एक कुर्ता कंत्राटी ऑपरेटरच्या किती दिवसांच्या मजुरीत येतो, हे कुणी विचारले नाही. सूट मिळते ती २ ऑक्टोबरच्या सुमाराला. एरवी यावलच्या बाजारात टेरिकॉटचा पॅन्टपीस घेऊन तो शिंप्याकडे टाकणे गरिबाला परवडते, खादी परवडत नाही. आज खादी ही गरिबाची राहिलेली नाही.

सूट घातल्याने जात जाते, असा भाबडा दावा मात्र कुणी करू नये. बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या अंगावर परदेशी शिवणीचा कोट होता आणि कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण पाठीशी होते. तरी शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हते. पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावले. कोट त्यांना वाचवू शकला नाही. आणि तरीही त्यांनी कोट टाकला नाही. पुढे २० वर्षांनी हाच माणूस धुळ्याच्या कोर्टात वकील म्हणून आला. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी त्यांचा मुक्काम होता आणि आजही दर ३१ जुलैला खानदेशातून लोक तिथे लोटतात. येसकराच्या काठीऐवजी वकिलाचा काळा कोट. खानदेशातल्या माणसांनी तो डोळ्यांनी पाहिला. आज यावल, रावेर, भुसावळच्या कोर्टात आमच्या घरातली जी पोरे-पोरी काळा कोट घालून उभी राहतात, त्यांच्या अंगावर तो कोट कुठून आला हे त्यांना ठाऊक आहे. (भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो कोट काय करतो, हेही त्यांनाच ठाऊक! बार कौन्सिलच्या नियमानुसार उन्हाळ्यात हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट सोडून इतर कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही. तरी आमचे कित्येक वकीलबंधू तो काढत नाहीत. त्यांना हसण्याआधी त्यांच्या बापाच्या अंगावर काय होते, ते आठवावे.)

आमच्या माणसाच्या चांगल्या कपड्याचा त्रास आजही लोकांना होतो. मे २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला आणि त्याच्या आईला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत झाली. लांब कशाला जायचे? आपल्याच जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावी जून २०१८ मध्ये दोन मातंग मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांचे कपडे काढून त्यांना पट्ट्याने मारले, धिंड काढली आणि त्याचा व्हिडिओ केला. त्या मुलांनी अंग झाकायला झाडाचा पाला धरला होता, ते चित्र सबंध देशाने पाहिले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. अंगावरचे कपडे बळजबरीने काढणे हा त्यात मुळापासून गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीत मिशी काढणे, मुंडण करणे हेही घातले गेले. कायदा करणाऱ्यांना मिशी आणि सदरा कायद्यात लिहावा लागला, यावरून समाज काय आहे ते ओळखावे.

कचेरीतला प्रकार मात्र पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही. तिथे मार नसतो, टोमणा असतो. मी नोकरीत असताना, एका कचेरीत (नाव सांगत नाही) आमचा एक शिपाई १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी नवा निळा शर्ट घालून आला. मोठे साहेब त्याच्याकडे पाहून सगळ्यांदेखत म्हणाले, 'काय रे, आज लग्न आहे का तुझं? का तू आता साहेब झालास?' सगळे हसले. शिपाईभाऊही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो परत खाकीत आला. ज्या साहेबाच्या टेबलाच्या काचेखाली गणपती होता आणि कपाळावर दर सोमवारी भस्म होते, त्यांना कुणी कधी विचारले नाही की आज काय आहे म्हणून. कपाळावरचा टिळा हा पोशाख मानला जात नाही, तो संस्कार असतो. खिशावरचा निळा बिल्ला मात्र राजकारण होतो, ग्रुपबाजी होते, गोपनीय अहवालात जातो.

मग पोशाख ही माणसाची स्वतःची गोष्ट आहे की नाही? १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाचे दिसणे आणि कपड्यांची निवड हे संविधानाच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येते आणि कलम १९(२) मधील मर्यादा सोडल्या तर त्यावर बंधन घालता येत नाही. हा निकाल ज्यांच्यासाठी झाला त्यांना तर कचेरीच्या दारातच अडवले जाते. साडी घातली म्हणून, नाही घातली म्हणून. त्यांच्यासाठी त्या परिपत्रकात कोणता रकाना होता? महिला आणि पुरुष, दोनच. शाळेच्या पोराला गणवेश का असतो, पोलिसाला खाकी का असते, नर्सला वेगळे कपडे का असतात, हे समजते. एसटीच्या कंडक्टरला खाकी हवीच. गर्दीत त्याला ओळखता आले पाहिजे. कामाला लागतो तो गणवेश. परंतु टायपिंग करणाऱ्या मुलीच्या कुर्त्यावरच्या फुलांनी कोणते काम अडते?

आता दोन शब्द आपल्या घराविषयीही बोलले पाहिजेत, नाहीतर हे सगळे दुसऱ्यावर बोट दाखवणे होईल. आमची पोरगी जळगावला बँकेत नाहीतर कॉल सेंटरमध्ये लागली की पगाराचे कौतुक होते आणि जीन्स घातली की वस्तीत कुजबुज सुरू होते. वंदनेला, धम्म परिषदेला बायांनी पांढरी साडीच नेसून यावे, असा फतवा निघतो. पुरुष मात्र चौकटीच्या शर्टात आणि बर्मुड्यात मंडपात फिरतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लोक पांढरी वस्त्रे नेसून गेले, स्वतः बाबासाहेबांनी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला होता, स्त्री-पुरुष दोघांनीही. शुभ्र वस्त्राची जबाबदारी एकट्या बाईची कधी झाली? महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडे बदलायला सांगितले ते त्यांना खुणेतून सोडवायला. त्यांच्यावर नवी खूण लादायला नव्हे.

आणि ज्यांच्या कपड्यांविषयी कोणतेच परिपत्रक निघत नाही, त्यांचे काय? यावल-रावेरच्या केळीच्या बागांत जा. मृगबाग असो की कांदेबाग, घड कापणारा आणि वाहणारा माणूस बहुधा आदिवासी किंवा दलितच दिसेल. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर, त्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट तपकिरी डाग पडतो, तो साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही. म्हणून कापणीच्या कामाचे कपडे वेगळेच असतात. आधीच खराब झालेले, पोराचे जुने, नाहीतर कुणीतरी दिलेले. ट्रक भरून झाला की तोच मजूर त्याच कपड्यांत रेशनकार्डाच्या कामासाठी तहसीलला जातो, कारण घरी जाऊन बदलून येईपर्यंत कचेरी बंद होते. तिथे त्याच्याकडे पाहून कसे तोंड केले जाते, ते ज्याला पाहायचे त्याने कोणत्याही दिवशी चार वाजता खिडकीपाशी उभे राहून पाहावे. ज्या केळीवर हा जिल्हा मिरवतो, तिचाच तो डाग आहे.

त्याहून वाईट गत गावोगावच्या सफाई कामगाराची. इथे तर शासनाने कायदाच केला आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्याच्या नियमांत गटार आणि सेप्टिक टँकच्या कामासाठी गमबूट, हातमोजे, मास्क, सेफ्टी बेल्ट अशी मोठी यादी आहे. हा खरा ड्रेस कोड, जो पाळला नाही तर माणूस मरतो. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे मरणे थांबले नाही. जीन्सच्या परिपत्रकाची अंमलबजावणी व्हावी म्हणून साहेब लोक टेबलाटेबलावरून फिरले. गमबूट आले का, हे पाहायला असा किती जणांनी गटारीच्या तोंडापर्यंत फेरा मारला? ठेका एकाला, माणसे दुसऱ्याची, पावती तिसऱ्याच्या नावाने, आणि गटारीत उतरणारा आमचाच वाल्मीकी, मेहतर, मातंग, बौद्ध भाऊ, पायात तीच स्लीपर जी कचेरीत चालत नाही.

यावल, फैजपूर, सावदा, रावेर, भुसावळ, प्रत्येक ठिकाणी नगर परिषद आहे आणि प्रत्येक ठिकाणी आपली दहा-पाच शिकलेली पोरे आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर होतो, त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मागच्या तीन वर्षांत गमबूट, हातमोजे आणि मास्क किती खरेदी केले, कुणाकडून, किती रुपयांना. ते कायम आणि ठेक्यावरच्या कोणकोणत्या कामगाराला दिले, त्याच्या सही-अंगठ्याच्या यादीची प्रत द्यावी, एवढे चार प्रश्न पुरे. उत्तर आले की ती यादी घेऊन वस्तीत जा आणि ज्याच्या नावापुढे अंगठा आहे, त्याच्या पायाकडे पाहा.